माँटेम लेनवरचं टेकाड: किल्ला समजल्या गेलेल्या मातीच्या ढिगाचं प्रकरण

लंडनहून विंडसरचा किल्ला पाहायला आगगाडीनं निघालं की पॅडिंग्टनहून सुटलेली गाडी स्लाउला सोडावी लागते आणि तिथून फाट्यावरची छोटी गाडी धरावी लागते. आपल्याकडून फिरायला गेलेली मंडळी या स्टेशनावर पंधरा-वीस मिनिटं काढतात, चहा घेतात आणि पुढे जातात. स्लाउ या शब्दाचा इंग्रजीतला अर्थच मुळी दलदल. गावाची ख्याती कारखान्यांची. मार्स नावाचं चॉकलेट १९३२ साली पहिल्यांदा इथंच तयार झालं. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी आपली चाळीस फुटी दुर्बीण इथं उभारली होती. पण इतिहास बघायचा म्हणून स्लाउला उतरणारा माणूस विरळाच. इतिहास पुढच्या स्टेशनावर आहे, विंडसरला, तिकीट काढून बघायचा.

तरी या गावात एक वस्तू आहे जी विंडसरच्या किल्ल्याहून जुनी निघाली. स्टेशनाच्या पश्चिमेला, जुन्या बाथ रस्त्याच्या जवळ, माँटेम लेन नावाच्या गल्लीच्या कडेला एक मातीचं टेकाड आहे. उंची सुमारे ६ मीटर, म्हणजे आपल्या दोन मजली घराइतकी. शेजारी बरीच वर्षं पालिकेचं क्रीडाकेंद्र होतं. पोहायला आणि बॅडमिंटन खेळायला येणाऱ्यांनी हे टेकाड रोज पाहिलं असणार आणि रोज विसरलंही असणार. जाणकारांच्या लेखी ते होतं नॉर्मन काळातल्या, म्हणजे १०६६ साली फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांच्या काळातल्या, एखाद्या किल्ल्याचं मातीचं जोतं. डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झालं की ते किल्ल्याचं नाही आणि नॉर्मनांचंही नाही. त्यांच्या आधीच्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी, इसवी सनाच्या पाचव्या ते सातव्या शतकात ते रचलेलं आहे.

प्रकरण एवढंच. पण 'किल्ला' ही ओळख आली कशी, टिकली कशी आणि सुटली कशी, हे बघण्यासारखं आहे. आणि जी नवी ओळख आली तीही कितपत पक्की, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

डोंगर नसेल तर डोंगर घाला

आपल्याला किल्ला म्हटलं की सह्याद्री आठवतो. कातळ आधीपासून उभा असतो, माणसानं त्याला तटबंदीचा कंबरपट्टा घालायचा. १०६६ साली इंग्लंडमध्ये उतरलेल्या नॉर्मनांपुढे मात्र सपाट, मऊ मातीचा, शत्रुत्वानं भरलेला मुलूख होता. त्यांनी उलटं केलं. गोल खंदक खणला, त्यातली माती मधोमध टाकून चोपली, हातानं एक टेकडी उभी केली आणि तिच्या माथ्यावर लाकडी मनोरा बांधला. या टेकडीला म्हणतात मॉट. तिच्या पायथ्याशी कुंपण आणि खंदकानं वेढलेलं दुसरं आवार असे, त्यात घोडे, शिबंदी, कोठारं. त्याला म्हणतात बेली. आपल्या भाषेत बसवायचं तर मॉट म्हणजे बालेकिल्ला आणि बेली म्हणजे माची, दोन्ही मातीच्या आणि दोन्ही घाईत केलेल्या. नॉर्मनांच्या या स्वारीची गोष्ट सांगणाऱ्या बायोच्या प्रसिद्ध भरतकामात हेस्टिंग्जला मजूर फावड्यांनी अशी टेकडी रचताना दिसतात, आणि कारागिरानं त्या टेकडीत वेगवेगळ्या रंगांचे थरही काढले आहेत. हे थर लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

लाकूड कुजलं, मनोरे गेले, माती राहिली. इंग्लंड आणि वेल्समध्ये असे शेकडो मातीचे ढीग आहेत. त्यातल्या काहींना राजांच्या हिशेबवह्यांत नाव आहे, कोण सरदार, कधी वेढा पडला, सगळं सापडतं. उरलेल्यांना काहीच नाही. मग पाहणी करणारा माणूस येतो, टेकाड गोल आहे, कडा उताराच्या आहेत, हातानं रचल्याचं दिसतं आहे, असं टिपतो आणि रकान्यात लिहितो: 'मॉट, शक्यता'. आणखी चाळीस-पन्नास वर्षांनी दुसरा कुणी ती नोंद उतरवून घेतो तेव्हा 'शक्यता' हा शब्द कागदाच्या घडीत राहून जातो. दप्तरातल्या नोंदींचं हे असं सगळीकडेच होतं. सातबाऱ्यावरची एक जुनी चूक निस्तरताना ज्यांच्या चपला झिजल्या त्यांना वेगळं सांगायला नको.

स्लाउच्या टेकाडाला किल्ला म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं, हेही सांगायला हवं. आकार जुळत होता. मॉट म्हणजे फार मोठा डोंगर असतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेक मॉट पाच मीटरांहून ठेंगणे आहेत आणि दहा मीटरांच्या वरचे मोजकेच. तेव्हा ६ मीटर उंचीचं टेकाड हा चांगला, भरल्या अंगाचा मॉट झाला असता. जागाही जुळत होती. लंडनहून पश्चिमेला बाथकडे जाणारा रस्ता पायाशी होता. रस्त्यावर नजर ठेवायची तर हे ठिकाण वाईट नाही.

न जुळणाऱ्या गोष्टीही होत्या, आणि त्या कुदळ न मारता, खुर्चीत बसून दिसण्यासारख्या होत्या. पहिली म्हणजे विंडसर. नॉर्मनांचा राजा विल्यम यानं १०७० च्या सुमारास लंडनभोवती किल्ल्यांचं कडं घातलं, साधारण एका दिवसाच्या कूचाच्या अंतरावर एकेक. विंडसर त्यातलंच. आज तिथला गोल बुरूज ज्या उंचवट्यावर उभा आहे तो खराखुरा नॉर्मन मॉट. स्लाउचं टेकाड तिथून जेमतेम दोनेक मैलांवर. राजाच्या डोळ्यादेखत दुसरा किल्ला घालण्याची हिंमत कुणाची होणार? बाराव्या शतकाच्या मध्यावर स्टीफन आणि माटिल्डा यांच्या गादीसाठीच्या भाऊबंदकीत देशभर बेकायदा गढ्या उठल्या हे खरं, पण विंडसरच्या इतक्या जवळ? दुसरी गोष्ट, या टेकाडाला कुणा सरदाराचं नाव चिकटलेलं नाही. किल्ला म्हटला की मालक असतो, आणि मालक असला की भांडण असतं, आणि भांडण असलं की कागद असतो.

राहता राहिला पुरावा खाणावळींचा. टेकाडाजवळच्या सॉल्ट हिल या वस्तीत बाथ रस्त्यावर घोडागाडीच्या काळात दोन नामांकित खाणावळी होत्या, एकीचं नाव कॅसल. यावरून कुणाला किल्ला आठवला तर त्यानं दुसरीचंही नाव बघावं: विंडमिल. मग टेकाड पवनचक्कीचा पाया होतं असंही म्हणता येईल, आणि पवनचक्कीसाठी मातीचे ढीग रचत असतही. पाटीवरच्या नावाला पुरावा मानलं की असं होतं.

मीठ द्या, मीठ

या टेकाडाचं जे नाव टिकलं ते किल्ल्यामुळे नाही, शाळेच्या पोरांमुळे टिकलं. आणि ही हकीकत इतकी गमतीची आहे की मूळ प्रकरण थोडं बाजूला ठेवून ती सांगायलाच हवी.

जवळच ईटन. तिथली शाळा सहाव्या हेन्री राजानं १४४० साली गरीब मुलांसाठी काढली. पुढे ती देशातल्या श्रीमंतांची झाली. या शाळेची एक प्रथा होती, तिची लेखी नोंद सोळाव्या शतकापासून मिळते. सगळी पोरं शाळेतून मिरवणुकीनं निघून या टेकाडावर येत. 'अॅड माँटेम', म्हणजे लॅटिनमध्ये 'टेकडीकडे'. त्यातलं 'माँटेम' टेकाडाला चिकटलं, आणि पुढे गल्लीला, क्रीडाकेंद्राला. आधी हा नव्या मुलांना शाळेत 'मुरवण्याचा' विधी असावा. लॅटिनमध्ये 'साल' म्हणजे मीठ आणि 'साल' म्हणजे चतुराईही, त्यामुळे मिठाचा खेळ रंगला. हळूहळू मिठाचे पैसे झाले.

कसे झाले ते आपल्याला समजावून सांगावं लागणार नाही. शिमग्यात रस्त्याला दोरी लावून पोस्त मागणारी पोरं डोळ्यांसमोर आणा. ईटनची पोरं भरजरी, रंगीबेरंगी कपडे घालून आसपासच्या सगळ्या रस्त्यांवर, पुलांवर उभी राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून म्हणत, 'मीठ!' समोरच्यानं पैसे द्यायचे. पूर्वी बदल्यात चिमूटभर खरं मीठ मिळे, पुढे छापील चिठ्ठी मिळू लागली. ती चिठ्ठी टोपीला लावली की त्या दिवशी पुन्हा कुणी अडवत नसे. म्हणजे वर्गणीची पावती काचेला चिकटवून गाडी सोडवून नेण्याची आपली युक्ती तिकडे आधीपासून होती! चिठ्ठीवर लॅटिनमध्ये लिहिलेलं असे, 'मोस प्रो लेगे': रूढी हाच कायदा. वसुलीला यापेक्षा चोख समर्थन कुणी दिलं असेल असं वाटत नाही. राजाराणीसुद्धा पैसे देत, तिसऱ्या जॉर्जला तर या सोहळ्याची आवडच होती.

टेकाडावर पोचल्यावर एक मुलगा निशाण फडकवी. जुन्या काळी एक जण पाद्री बने, एक त्याचा कारकून. खोटी खोटी लॅटिन प्रार्थना होई आणि शेवटी पाद्री कारकुनाला लाथ मारून टेकाडावरून खाली घरंगळवी. जॉर्जच्या शार्लट राणीला हे पाहून धक्का बसला आणि तेवढा भाग बंद झाला. मग खाणावळीत जेवण आणि तिथल्या बागेतल्या कोबीच्या गड्ड्यांवर तलवारी चालवणं. जमलेली रक्कम, खर्च वजा जाता, शाळेतल्या सगळ्यात वरच्या मुलाला केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात जाताना मिळे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा सोहळा तीन वर्षांतून एकदा होई. मग ग्रेट वेस्टर्न रेल्वे आली, १८४० साली स्लाउला स्टेशन झालं आणि लंडनहून गाड्या भरभरून बघे येऊ लागले. शाळेला ते झेपेना. १८४४ चा माँटेम शेवटचा ठरला, १८४७ साली प्रथा अधिकृतपणे बंद झाली.

या सगळ्याचा आपल्या प्रकरणाशी संबंध दोन अंगांनी आहे. एक, जवळजवळ तीनशे वर्षं शेकडो पोरं या टेकाडावर चढली, नाचली, घसरली. माथा आणि उतार यांचा आज दिसणारा आकार मूळचा असेल याची शाश्वती उरत नाही, आणि 'आकार किल्ल्यासारखा' हा मुख्य मुद्दाच त्यामुळे ढिला पडतो. दोन, शाळेच्या प्रथेमुळे टेकाडाला इतकं दणकट नाव मिळालं की त्याआधीचं नाव असेलच तर पुसून गेलं. ते नाव हाताशी असतं तर कदाचित छिद्र पाडण्याची गरजही पडली नसती. त्याबद्दल पुढे.

नळी

टेकाडाचं वय काढायचं तर पूर्वी एकच मार्ग होता, फोडणं. तो मार्ग किती वाईट आहे हे पश्चिमेकडे विल्टशरमध्ये सिलबरी टेकडीनं शिकवलं. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी हातानं रचलेल्या त्या टेकडीत १७७६ साली वरून विहीर पाडली, १८४९ साली बाजूनं बोगदा खणला, १९६८ पासून दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर आणखी एक बोगदा खणला. राजाचं थडगं काही मिळालं नाही. २००० साली माथ्याला भगदाड पडलं आणि मग बोगदे नीट बुजवून टेकडी वाचवण्याचं मोठं काम हाती घ्यावं लागलं.

त्या कामात असलेले पुरातत्त्वज्ञ जिम लिअरी यांचं लक्ष नंतर जवळच्याच मार्लबरो गावातल्या टेकाडाकडे गेलं. मार्लबरोचं टेकाड म्हणजे पक्का नॉर्मन किल्ला, त्यात वाद नव्हता: जॉन राजाचं पहिलं लग्न ११८९ साली त्या गावी लागलं, तिसऱ्या हेन्रीनं १२६७ साली तिथं कायदे केले. पण टेकाड किल्ल्याहून जुनं असावं असा काहींना वहीम होता. २०१० साली माथ्यावरून तळापर्यंत पोलादी नळ्या ठोकल्या, मातीचे उभे नमुने काढले, त्यातल्या कोळशाची रेडिओकार्बन पद्धतीनं तपासणी केली. निकाल २०११ साली आला: इसवी सनापूर्वी २४०० च्या आसपास. नॉर्मनांनी तयार डोंगर वापरला होता, आपल्या गडकऱ्यांसारखाच.

आता साहजिक प्रश्न, आणखी किती? लेव्हरह्यूम ट्रस्टच्या पैशावर लिअरी यांनी रेडिंग विद्यापीठातून इंग्लंडभरच्या निवडक टेकाडांना नळ्या लावल्या. यॉर्कशरमधलं स्किपसीचं टेकाड, ज्यावर विल्यमच्या ड्रोगो नावाच्या सरदाराचा किल्ला होता, ते २०१६ साली लोहयुगातलं निघालं, सुमारे अडीच हजार वर्षांचं. पण बातम्यांमधून एक गोष्ट हटकून निसटते. तपासलेली बहुतेक टेकाडं नॉर्मन किंवा त्या काळच्या आसपासचीच निघाली. म्हणजे जुन्या पाहणीवाल्यांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर होता. 'तज्ज्ञ चुकले' ही ओरड त्यामुळे मला पटत नाही. शंभरातले नव्वद अंदाज बरोबर असले तरी समोरचं टेकाड उरलेल्या दहांतलं आहे का, हे आकार सांगू शकत नाही, एवढाच याचा अर्थ.

नळीचं काम दिसायला अगदी साधं. छोटं यंत्र माथ्यावर चढवतात, पोकळ नळी ठोकत मीटर-मीटर खाली नेतात. बाहेर येते ती मातीची कांडी, ऊसाच्या पेरासारखी एकाखाली एक मांडायची. बायोच्या भरतकामातले रंगीत थर इथं खरेच दिसतात: खंदकातली खालची माती, वरची सुपीक माती, मध्येच वाळू, गोटे, आणि तळाशी टेकाड घालण्यापूर्वीची जमीन. या कांडीतून शास्त्रज्ञ कोळशाचे कण, बियांचे तुकडे, फळांची टरफलं वेचतात. सजीव मेला की त्यातला कार्बन-१४ ठरलेल्या वेगानं घटत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा. किती उरला ते मोजलं की केव्हा मेला ते कळतं. भोक पुन्हा बुजवलं की टेकाडाला काही झाल्याचं पोहायला येणाऱ्यांना कळणारही नाही.

स्लाउच्या टेकाडातून निघालेल्या कणांचं वय आलं पाचवं ते सातवं शतक.

निकाल काय सांगतो आणि काय सांगत नाही

इथं थांबून उलटतपासणी केली पाहिजे. कोळशाचं वय आणि टेकाडाचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे गावोगावी हे समजावून देणारं उदाहरण आहे. मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात गावाची गढी असते, पांढऱ्या मातीची. ही पांढरी माती म्हणजे जुन्या वस्तीची राख, शेण, पडक्या भिंती यांची शतकानुशतकं साचलेली माती; म्हणून तर गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. धाब्यावर टाकायलाही तीच माती. आता अशा गढीच्या भिंतीतून एक खापर काढलं आणि ते दोन हजार वर्षांचं निघालं, तर गढी दोन हजार वर्षांची होते का? नाही. गढी बांधणाऱ्या देशमुखानं जुन्या पांढरीतली माती उचलली, एवढंच सिद्ध होतं.

तोच आक्षेप इथं घेता येतो. एखाद्या नॉर्मन सरदारानं सॅक्सन वस्तीची माती खणून मॉट घातला असेल तर? मातीत कोळसा सॅक्सनच मिळेल. शिवाय जुन्या लाकडाचीही अडचण आहे. ओकसारखं झाड दोनशे-तीनशे वर्षं जगतं, त्याच्या गाभ्याचा कोळसा झाड तोडलं त्या वर्षाहून तेवढाच जुना दिसतो.

आक्षेप खरा आहे, पण त्याला उत्तर आहे. जुनं लाकूड फार तर दोन-तीन शतकांचा फरक पाडेल. सातव्या शतकाचा शेवट आणि नॉर्मनांचं आगमन यांत चार शतकं जवळजवळ पडतात. दुसऱ्या जागेवरच्या मातीबद्दल म्हणाल तर एखादा कण फसवू शकतो. पण वेगवेगळ्या खोलीवरचे कण एकाच काळाकडे बोट दाखवत असतील आणि त्यात नंतरच्या चारशे वर्षांचं काहीच नसेल, तर अकराव्या-बाराव्या शतकात ही माती उचलली असं मानणं कठीण होत जातं. ज्या जमिनीवर माणसं वावरतात तिथं चारशे वर्षांत एकही चूल पेटली नाही असं कसं होईल? म्हणून किल्ल्याचा दावा माझ्या मते पडला. पुरता गाडला गेला असं म्हणायला खंदकाच्या तळापर्यंत एखादा चर हवा, पण पडला.

पाचवं ते सातवं, इतका रुंद पट्टा का, हेही विचारायला हवं. यात प्रयोगशाळेचा ढिलेपणा नाही. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या शतकांत सारखं नव्हतं. झाडांच्या वर्तुळांवरून केलेल्या कोष्टकात पाचव्या शतकाच्या मध्यापासून सहाव्याच्या पूर्वार्धापर्यंत आलेख जवळजवळ सपाट होतो, आणि त्या सपाटीवर पडणाऱ्या वस्तूचं नेमकं वर्ष सांगता येत नाही. नशीबच म्हणायचं, ज्या शतकांबद्दल इंग्लंडकडे कागद जवळजवळ नाहीत, नेमकी तीच शतकं कार्बनलाही धूसर दिसतात.

आता दुसरा, जास्त मोहाचा दावा: हे थडगं आहे. बातम्यांत टेकाडाची तुलना सटन हूशी झाली. सटन हू म्हणजे सफोकमधलं ते टेकाड जिथं १९३९ साली २७ मीटर लांब जहाजाचा ठसा आणि सोन्यानाण्यासकट पुरलेला राजा सापडला. देहाचा मागमूस मात्र आम्लधर्मी वाळूनं उरू दिला नव्हता. ही तुलना ऐकायला छान आहे, पण कांडीत ना सोनं आलं ना हाडं. थडगं हा तुलनेतून काढलेला अंदाज आहे. तो तोलून बघू.

अंदाजाच्या बाजूनं सगळ्यात वजनदार साक्षीदार म्हणजे टॅपलो. स्लाउच्या पश्चिमेला सहाएक किलोमीटरांवर, टेम्सच्या काठच्या उंचावर, जुन्या चर्चच्या आवारात एक टेकाड आहे, साडेचार मीटर उंच. १८८३ साली ते उकरलं. आत सातव्या शतकाच्या सुरुवातीचा एक श्रीमंत माणूस होता: सोन्याचं जड बकल, चांदीनं मढवलेली पिण्याची शिंगं, काचेचे पेले, भूमध्य समुद्राच्या मुलखातून आलेलं काशाचं पात्र, सोंगट्या, वीणेसारखं तंतुवाद्य. हे सगळं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सटन हू सापडेपर्यंत इंग्लंडमध्ये याच्या तोडीचं सॅक्सन दफन नव्हतं. आणि गावाचं नावच थडग्यावरून पडलं आहे. जुन्या इंग्रजीत 'ह्लाव' म्हणजे मातीचा ढीग. टॅपा नावाच्या माणसाचा ढीग, तो टॅपलो. शिंगं पुरणारे विसरले गेले, नाव बाराशे वर्षं जिवंत राहिलं. स्लाउच्या टेकाडाचं असंच काही नाव ईटनच्या मिठात विरघळलं असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा काळ तोच, नदीचं खोरं तेच, शेजारी तसंच दुसरं टेकाड, आणि उंची तर टॅपलोहून जास्त. अशी उंच टेकाडं सॅक्सन लोक प्रामुख्यानं सहाव्याच्या अखेरीला आणि सातव्या शतकात घालत, म्हणून थडगं असेलच तर ते त्या रुंद पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाचं असणार. टेम्सचं हे खोरं तेव्हा केंट, मर्सिया, वेसेक्स अशा राज्यांच्या ओढाताणीत होतं. टॅपलोच्या वस्तूंवर केंटची छाप स्पष्ट आहे. अशा सरहद्दीवर ठळक ढीग घालून 'ही जागा आमची' असं सांगण्याची निकड समजू शकते.

विरुद्ध साक्षीदारही आहे, आणि तो फारसा कुणी बोलावत नाही. स्लाउ १९७४ पर्यंत ज्या बकिंगहॅमशरमध्ये होतं, त्याच परगण्याच्या उत्तरेला मिल्टन कीन्स शहराच्या मधोमध, ग्रंथालयाच्या मागे, सेकलो नावाचं छोटं टेकाड आहे. नाव बघा: पुन्हा 'लो', पुन्हा ढीग. ते १९७०च्या दशकात शहर वसताना खणलं, आणि आत कुणीच नव्हतं. सॅक्सन काळात परगण्याच्या एका विभागाची, 'हंड्रेड'ची, सभा भरायची ती जागा. लोकांना दिसावं, ऐकू यावं म्हणून घातलेला मातीचा ओटा. म्हणजे सॅक्सन माणूस ढीग घाली तो दर वेळी कुणाला पुरायलाच असं नाही. सभेचे ढीग सहसा नंतरच्या काळातले आणि ठेंगणे असतात, म्हणून माझा कल थडग्याकडेच आहे. पण कल म्हणजे निकाल नव्हे, आणि ज्या रकान्यात पूर्वी 'मॉट' लिहून 'शक्यता' विसरलो, त्याच रकान्यात आता 'थडगं' लिहून पुन्हा 'शक्यता' विसरणं ही तीच चूक झाली.

पुढे काय करता येईल? न फोडता बरंच. टेकाडाभोवती जमिनीतून विजेचा रोध मोजला तर बुजलेला खंदक उमटतो. मॉटचा खंदक खोल आणि संरक्षणासाठी रुंद असतो, थडग्याचा चर उथळ, फक्त माती काढण्यापुरता; तेवढ्यानंही किल्ल्याचा उरलासुरला संशय फिटेल. पायथ्याशी एक अरुंद चर घेतला तर खंदकाच्या तळाचा गाळ मिळेल, आणि त्यातलं बी-टरफल ढिगातल्या कोळशाहून भरवशाचं, कारण ते दुसरीकडून उचलून आणलेलं नसेल. अडचण शहराची आहे. रस्ता, नळ, तारा, इमारतींचे पाये यांनी सभोवतालची जमीन इतकी चाळवली आहे की उपकरणाला खंदक आणि गटार यांतला फरक सांगणं जड जाईल.

मधल्या गाभ्यात शिरायची घाई कुणी करू नये असं मला वाटतं. टॅपलोला १८८३ साली घाई झाली, तेव्हा सोनं मिळालं, पण माणूस कसा निजवला होता, कोणती वस्तू त्याच्या कुठल्या हाताशी होती, लाकडाची खोली कशी बांधली होती, यातलं बरंचसं नीट टिपायच्या आतच हललं होतं. स्लाउच्या टेकाडाच्या पोटात कुणी असेल तर तो चौदाशे वर्षं तिथं आहे, डोक्यावर तीनशे वर्षं पोरांचा शिमगा सोसून.